गावाकडून विमानांचं संग्रहालय बघायला निघण्याआधी

पहिल्यांदा आम्ही गेलो तो नेमका सोमवार निघाला. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं आमचं गाव, तिथून अकरा माणसं, त्यात चार पोट्टे. अख्खी रात्र गाडीत काढून पोचलो तर फाटकाला कुलूप. चूक आमचीच होती. निघताना डबे मोजले, माणसं मोजली, पण वार कोणीच बघितला नाही. फाटकाच्या जाळीतून एका विमानाची शेपटी तेवढी दिसत होती आणि माझी सात वर्षांची भाची तिथून हलायलाच तयार नव्हती. तिला मी कबूल केलं की पुन्हा आणीन, आणि आणलं. तेव्हापासून दरवर्षी गावातली पाच-दहा नवी माणसं घेऊन मी जुनी विमानं बघायला जातो.

गावात कोणाला चला म्हटलं की पहिलं उत्तर येतं, "आपल्याले त्यातलं का समजते?" माझा अनुभव उलटा आहे. ज्याने विहिरीवरचं डिझेल इंजिन खोलून पुन्हा बसवलंय, बैलबंडीच्या चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवताना पाहिलीय, त्याला जुनं विमान फार लवकर उमगतं. सुरुवात कुठून करायची एवढंच कोणीतरी सांगावं लागतं.

आधी ठिकाण ठरवा

आपल्या भागातून जायला चार ठिकाणं चांगली आहेत. पहिल्यांदाच जाणार असाल तर दिल्लीला पालमचं हवाई दलाचं संग्रहालय बघा. ते १९६७ पासून आहे, प्रवेशाला पैसे लागत नाहीत, आणि कापडी पंखांच्या विमानांपासून मिगपर्यंतचा सगळा प्रवास एकाच आवारात दिसतो. ते सोमवारी आणि मंगळवारी बंद असतं. ही ओळ लिहून भिंतीला चिकटवा.

लेकरं लहान असतील तर विशाखापट्टणम. तिथे समुद्रकिनाऱ्यालगतच्या रस्त्यावर नौदलाचं टीयू-१४२ हे अवाढव्य विमान उभं आहे आणि त्याच्या पोटात शिरून बघता येतं. २९ वर्षं सेवा करून ते २०१७ मध्ये निवृत्त झालं आणि त्याच वर्षी त्याचं संग्रहालय झालं. एकेका इंजिनावर एकामागे एक असे दोन पंखे आहेत, ते एकमेकांच्या उलट दिशेने फिरायचे. पात्यांचा पीळ बघितला की हे लेकरांनाही कळतं. रस्त्याच्या पलीकडे कुरसुरा ही पाणबुडी आहे, तीही आतून बघता येते. गोंदिया, भंडाऱ्याकडच्या लोकांना समता एक्सप्रेस थेट नेते. इथेही सोमवार बंद.

गोव्याला तसंही जाणार असाल तर वास्कोजवळ, बोगमाळोच्या रस्त्याला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. विमानवाहू जहाजावर जागा कमी म्हणून पंख मुडपता येणारी विमानं तिथे बघायला मिळतात. १९७१ मध्ये विक्रांत या जहाजावरून उडालेल्या सी हॉक जातीचं विमानही तिथे आहे.

चौथं बंगळुरूचं, हिंदुस्तान एरोनॉटिक्स या विमान कारखान्याचं. आपल्याकडे विमान बनतं कसं हे ज्याला जाणून घ्यायचंय त्याने तिथे जावं. तिथे जाण्याआधी एक नाव माहीत असू द्या: डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातला हा माणूस जर्मनीत गोटिंगेनला प्रांटलसारख्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकला आणि परत येऊन त्याने एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडवलं. ते १९५१ साली पहिल्यांदा उडालं. आपल्या हवाई दलाचे कितीतरी वैमानिक त्यावर शिकून तयार झाले. याच कारखान्याने पुढे पिकांवर फवारणी करण्यासाठी बसंत नावाचं विमान केलं, ते १९७२ मध्ये पहिल्यांदा उडालं. पाठीवर पंप बांधून पऱ्हाटीत फवारा मारणाऱ्या माणसांना मी हे सांगतो तेव्हा ती दोन मिनिटं गप्प होतात.

वेळा आणि सुट्या बदलतात. तिकीट काढण्याआधी एक फोन आणि निघायच्या आदल्या दिवशी आणखी एक फोन, एवढं करा.

खळ्यात विमान आखा

ही पायरी सगळे टाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. संग्रहालयात विमानं एकाशेजारी एक उभी असतात, त्यामुळे लहान कोणतं आणि मोठं कोणतं हे डोक्यात बसत नाही. म्हणून जायच्या आठवडाभर आधी शाळेच्या मैदानात किंवा रिकाम्या खळ्यात चुन्याची फक्की टाकून विमान आखायचं. टेप नसेल तर मोजलेली दोरी घ्या.

पहिलं नॅट हे लढाऊ विमान आखा. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २२ फूट, नाकापासून शेपटीपर्यंत साधारण २९ फूट. एवढंच. आमच्याकडे आखून झाल्यावर एकाने आपली बंडी आणून शेजारी उभी केली. बैल जुंपल्यावर बंडी आणि विमान यांच्या लांबीत फार अंतर राहिलं नाही. ज्या लढाऊ विमानाने १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत पाकिस्तानच्या सेबर विमानांना तोंड दिलं ते एवढंसं होतं, हे त्या दिवशी गावाला समजलं.

मग लिबरेटर हे बॉम्बफेकी विमान आखा, पंख ११० फूट. जागा असेल तर टीयू-१४२ आखा, पंख सुमारे १६४ फूट आणि लांबी त्याहून थोडी जास्तच. आमच्या शाळेच्या मैदानात ते मावलं नाही, एक पंख कुंपणाबाहेर वावरात गेला. लेकरांना त्या रेषांवर चालू द्या. नाक कुठे, चाकं कुठे, बसायची जागा कुठे ते त्यांनाच खडूने दाखवू द्या. चुकलं तरी चालेल. पुढे खऱ्या विमानासमोर उभं राहिल्यावर ती आपली चूक आपणच शोधतात.

रेषा आखून झाल्या की तिथेच बसून मी नागपूरची गोष्ट सांगतो. १९४९ मध्ये देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र यायची. टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपल्या गावी परत. सुरुवातीला ही बहुतेक डाकोटा विमानं होती. कुठल्याही संग्रहालयात डाकोटा दिसला तर थांबा. नाक वर आणि शेपटी जमिनीला टेकलेली, अशी त्याची बसण्याची ढब. एकेकाळी रात्री आपल्या डोक्यावरून टपाल घेऊन हाच जात होता.

कधी आणि कसं जायचं

शेतकऱ्याच्या घरातून निघायचं तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ मला बरा वाटतो. तूर निघालेली असते, हरभऱ्याला थोडा वेळ असतो, पोरांच्या परीक्षा अजून लांब असतात. दिल्लीचं धुकंही ओसरायला लागलेलं असतं. डिसेंबर अखेर आणि जानेवारीच्या सुरुवातीला धुक्यामुळे उत्तरेकडच्या गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. उन्हाळ्यात जाऊच नका, बरीच विमानं उघड्यावर असतात आणि खालची फरशी तव्यासारखी तापते.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दक्षिणेकडून दिल्लीला जाणाऱ्या गाड्या नागपूरला थांबतात, काही सेवाग्रामलाही. आम्ही लालपरीने वर्ध्यापर्यंत येतो. बायांना एसटीत अर्धं तिकीट आणि ७५ च्या वरच्या म्हाताऱ्यांना मोफत, त्यामुळे गावापासून स्टेशनपर्यंतचा खर्च फार होत नाही. दिल्लीत रिक्षावाल्याला "पालम, एअर फोर्स म्युझियम" असं पूर्ण सांगा. नुसतं म्युझियम म्हटलं तर तो भलतीकडेच नेऊन सोडतो, आणि दिल्लीत तर रेल्वेचंही म्युझियम आहे.

फाटकावर

प्रत्येक मोठ्या माणसाकडे आधार कार्ड, मूळ प्रत. पालम हा हवाई दलाचा तळ आहे, गोव्याच्या संग्रहालयाशेजारी नौदलाचा. फोटो कुठे काढायचा आणि कुठे नाही हे तिथल्या फलकावर वाचा, कळलं नाही तर जवानाला विचारा. फाटक, पहारा, पलीकडची धावपट्टी यांचे फोटो काढू नका. पानाचा डबा आणि खर्रा घरीच ठेवा. शिदोरी बाहेर बसून खा.

बघायचं कसं

एक दिवस, पाच विमानं. यापेक्षा जास्त विमानं नीट बघायला जाल तर एकही नीट दिसणार नाही. बाकीच्यांपुढून चालत जा, नमस्कार करा आणि पुढे व्हा.

विमानासमोर गेलात की खाली चाकांकडे बघा. सगळे जण नाकाकडे बघतात, पण विमानाचं वजन आणि काम चाकं सांगतात. मिग-२१ ची चाकं बघून आमच्यातला ट्रॅक्टर चालवणारा पोरगा म्हणाला, "एवढ्याशा टायरवर?" ते विमान ताशी ३०० किलोमीटरच्या वर वेगाने जमिनीला टेकायचं, आणि थांबवण्यासाठी शेपटीतून छत्री उघडायची. छत्रीची जागा मागे जाऊन बघा. मग विमानाभोवती एक पूर्ण चक्कर मारा, देवळाला प्रदक्षिणा घालतो तशी, सावकाश. दुसऱ्या चकरीत फक्त पत्र्याचे जोड बघा. उजेड तिरपा पडेल अशा जागी उभे राहा आणि पंखावरून नजर सपाट फिरवा. जुन्या विमानात रिव्हेटची डोकी फोडासारखी वर आलेली दिसतात, वेगवान विमानात ती पत्र्यात बुडवून सपाट केलेली असतात, कारण वर आलेलं प्रत्येक डोकं वाऱ्याला अडवतं. हात मात्र लावू नका. हजारो हातांच्या घामाने जुना पत्रा आणि रंग खराब होतो.

पालममध्ये वापिटी हे जुनं विमान शोधा. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत आपल्या हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली तेव्हा तिच्याकडे अशी चार विमानं होती. एकावर एक असे दोन पंख, मध्ये दांडे आणि ताणलेल्या तारा. अंगावर कापड. त्या काळी कापड ताणून बसवायचे आणि त्यावर डोप नावाचा लेप द्यायचे, तो सुकला की कापड आकसून डफड्याच्या चामड्यासारखं ताठ व्हायचं. कापूस पिकवणाऱ्या माणसाने हे जवळून बघावं असं मला मनापासून वाटतं. जाता जाता तिथल्याच हरिकेन या लढाऊ विमानावर नजर टाका, ते पाचांत धरू नका. त्याच्या मागच्या अंगावरही कापड आहे आणि कापडाखालच्या लाकडी पट्ट्या बरगड्यांसारख्या उठून दिसतात.

आमचे काकाजी चाळीस वर्षं गावातली ऑइल इंजिनं दुरुस्त करत आले. वापिटीच्या नाकावर गोल मांडलेलं इंजिन असतं, सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखे सिलिंडर, आणि प्रत्येकावर बुलेटच्या इंजिनाला असतात तशा वाऱ्याने गार होण्यासाठीच्या पातळ चकत्या. काकाजींनी बोटाने हवेत मोजले. नऊ. पुन्हा मोजले. मग मला म्हणाले, "आठ काऊन नाही?" मला उत्तर माहीत नव्हतं. ते तिथेच बाजूच्या कठड्याला टेकून उभे राहिले आणि बोटं मोडत राहिले. पंधरा मिनिटांनी म्हणाले, "फोर स्ट्रोक आहे न हे! एक सोडून एक पेटत असंन." परत आल्यावर पुस्तकात बघितलं तर तेच. चार ठोक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. म्हणून गोल इंजिनात एक, तीन, पाच, सात, नऊ आणि मग दोन, चार, सहा, आठ असा क्रम ठेवतात. सिलिंडर आठ असते तर दुसऱ्या फेरीत पुन्हा एक नंबरवरच येऊन थांबलो असतो. त्यामुळे एका ओळीत विषमच सिलिंडर. डाकोटाच्या आणि लिबरेटरच्या इंजिनात १४ असतात, पण त्या सातसातच्या दोन ओळी आहेत.

लिबरेटरपुढे जरा जास्त थांबा, त्याची कथा आपल्या माणसांना पटते. दुसरं महायुद्ध संपल्यावर ही विमानं कानपूरला टाकून दिली गेली, आणि कोणाच्या कामी येऊ नयेत म्हणून त्यांची मुद्दाम मोडतोड करण्यात आली. त्या भंगारातून हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या (पुढे हेच हिंदुस्तान एरोनॉटिक्स झालं) कारागिरांनी एकेक विमान चालतं केलं, कानपूरहून उडवत बंगळुरूला नेलं आणि तिथे पूर्ण दुरुस्त केलं. अशी चाळीसेक विमानं उभी राहिली आणि १९६८ पर्यंत हवाई दलात उडाली. एका मोडलेल्या थ्रेशरचा भाग दुसऱ्याला लावून हंगाम काढणाऱ्या माणसांना यावर वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

ओहका हे जपानी विमान छोटं आहे, पटकन नजरेतून सुटतं. लेकरांना एकच विचारा, "याची चाकं कुठे आहेत?" ती खाली वाकून शोधतात. चाकं नाहीतच, कारण परत उतरायचंच नव्हतं. मोठ्या विमानाखाली लटकवून न्यायचं, सोडायचं, आणि आतल्या वैमानिकाने ते सरळ शत्रूच्या जहाजावर आदळायचं. भाचीने विचारलं, "मग त्याच्या आईला माहीत होतं का?" अशा प्रश्नांना टाळू नका. जेवढं माहीत आहे तेवढं खरं सांगा.

मग नॅट. खळ्यातली आखणी इथे कामाला येते. याच जातीच्या विमानातून १४ डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों श्रीनगरच्या धावपट्टीवर हल्ला सुरू असताना उडाले, सेबर विमानांशी एकट्याने लढले आणि त्यातच गेले. हवाई दलाला मिळालेलं आजवरचं एकमेव परमवीरचक्र त्यांचं आहे. संग्रहालयात त्यांचा पुतळा आहे. आमच्यातल्या आजीने तिथे चप्पल काढली, मग सगळ्यांनीच काढली.

पाचवं मिग-२१. १९६३ मध्ये आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये निवृत्त झालं. आपल्या नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात ही विमानं मोठ्या संख्येने तयार झाली. याच्या नाकातोंडाच्या मध्ये जो शंकू दिसतो त्याच्या आत रडार, आणि वेग वाढला की तो शंकू पुढे सरकून आत जाणाऱ्या हवेला वळण लावायचा. अंगावर जागोजागी लाल अक्षरं आहेत. इथे पाय देऊ नका, उड्डाणाआधी हे काढा, अशा सूचना. बसायच्या जागेजवळचा लाल त्रिकोण म्हणजे वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणाऱ्या यंत्रणेचा इशारा. पोरांना वाचायला लावा, इंग्रजीचा एवढा चांगला धडा शाळेत मिळत नाही.

सोबत म्हातारी माणसं असतील तर

चालणं बरंच होतं आणि बसायला जागा कमी. घडीचं एक छोटं स्टूल न्या, आत नेता येईल का ते फाटकावर विचारून घ्या. पाण्याची बाटली, टोपी. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना आधी ही पाच विमानं दाखवून सावलीत बसवा.

परतीच्या गाडीत

गाडी सुटली की प्रत्येकाला वहीचं एक पान द्या. बघितलेल्या विमानाचा कुठलाही एकच भाग आठवून काढायचा, फोनमधला फोटो न बघता. चाक, शेपटी, शंकू, काहीही. मागच्या वर्षी बैतूल येईपर्यंत भाचीने ओहका काढून खाली मोठ्या अक्षरात "चाक नाही" लिहिलं होतं. काकाजींनी पान घेतलं, नऊ गोल काढले, पेटण्याच्या क्रमाने एकमेकांना बाण जोडले आणि कागद घडी करून अंगातल्या बंडीच्या खिशात ठेवला. आमच्या गावच्या इंजिनाच्या दुकानात आता तो भिंतीला लावलेला आहे.